तुसावर पारखलेला पंखा

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामा वयानं बापाएवढा असला तरी दारात भाचा दिसला की त्यानं वाकायचं, आणि भाच्यानं नको नको म्हणत पाय पुढं करायचे. या सोयीचा मी जन्मभर पुरेपूर फायदा घेत आलो आहे. त्यामुळे यादोरावमामाबद्दल मी जे लिहिणार आहे ते वाचून तो मला मारायला येईल, अशी भीती मला नाही. आला तरी आधी पाया पडेल.

यादोराव बिसेन. वय साठीच्या पुढं, मुक्काम गोंदियाला लागून असलेलं फुलचूर, हुद्दा राइस मिलचा हेड मिस्त्री. एकेकाळी मामाच्या कानांचा जिल्ह्यात बोलबाला होता. सायकलवरून मिलसमोरून जाता जाता तो म्हणायचा, "आतल्या शाफ्टचं बेअरिंग चाललं," आणि दोन दिवसांत ते बेअरिंग खरोखर जायचं. शेठ लोक त्याला चहा पाजायला घरून घेऊन जायचे. ज्या कानांवर त्यानं नाव कमावलं तेच कान मिलनं हळूहळू खाऊन टाकले. हे साऱ्या फुलचूरला ठाऊक आहे. मान्य नाही ते फक्त मामाला.

मिलमध्ये त्याचं काही अडत नाही. तिथं मशीन सुरू झालं की कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळे हातवारे करतात. मशीनच्या अंगावर तळहात ठेवून मामा अजूनही तिचं दुखणं ओळखतो. घरी आणि गावात त्यानं दुसरी युक्ती काढली आहे. त्याच्याकडे तीन उत्तरं आहेत: "मंग", "पाहू ना" आणि "मी तेच म्हनत होतो". समोरचा बोलायचा थांबला की यांतलं एक तो टाकून देतो. या तीन उत्तरांच्या जोरावर गावात तो मोठा समंजस माणूस म्हणून गणला जातो. लग्नाच्या बैठकीत त्याला मुद्दाम मध्यभागी बसवतात, कारण तो कोणाचंही बोलणं तोडत नाही.

अनुसयामामीनं या परिस्थितीचं सोनं केलं आहे. ताट वाढताना ती चेहऱ्यावर हसू ठेवून हळू आवाजात म्हणते, "गिळा एकदाचं, बयताड कुठले," आणि मामा समाधानानं म्हणतो, "मंग." इतका सुखाचा संसार मी दुसरा पाहिलेला नाही.

यांचा मुलगा उमेंद्र रायपूरला गोदामात सुपरवायझर आहे, रविवारी येतो आणि झोपतो. त्याची बायको रेणू. ही आमगावची, शिकलेली, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. लग्नात तिच्या माहेरच्यांनी ते कप आमच्यासमोर मांडून ठेवले होते. इथं आल्यावर ते कप माळ्यावर गेले आणि डोक्यावर पदर आला. सासऱ्यासमोर सुनेनं आवाज काढायचा नाही, बोलावंच लागलं तर पदराआडून, पुटपुटल्यासारखं, हा आमच्या घरांतला नियम. तो कोणी केला हे विचारलं तर प्रत्येकजण मेलेल्या माणसाचं नाव सांगतो. मामा मात्र खूश होता. "सून लय गरीब भेटली," तो गावभर सांगायचा, "चार वर्ष झाले, तोंडातून शब्द नाही." ऐकणारे माना डोलवायचे. त्यांतल्या अर्ध्यांना रेणूच्या हाका नळावर रोज ऐकू येत होत्या.

या उन्हाळ्यात रेणूला एक काम मिळायची वेळ आली. पुण्याच्या एका कंपनीला घरबसल्या मराठी वाचून रेकॉर्ड करणारी माणसं हवी होती. दवाखान्यातल्या रोग्यांसाठीच्या सूचना, आंधळ्या मुलांसाठी धडे, असलं काहीबाही. उमेंद्रनं कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणून दिला होता, त्यावर तिनं नमुना रेकॉर्ड करून पाठवला. उत्तर आलं की वाचन फार छान आहे, आवाज तर त्याहून छान, पण मागं सतत काहीतरी घूं घूं करतं आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत स्वच्छ नमुना पाठवा, नाहीतर आम्हाला दुसऱ्या बाईंना घ्यावं लागेल.

घूं घूं करणारा होता कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा. एरवी तो कोणाच्या लक्षातही आला नसता, कारण मे महिन्यात गोंदियाच्या घराघरात कूलर चालतो आणि कूलर चालू असताना ओसरीत बैलगाडी उलटली तरी आतल्या खोलीत कळत नाही. पण रेकॉर्डिंगसाठी रेणूला कूलर बंद करावा लागे, खिडकी लावावी लागे. मग खोली तापायची, खोलीबरोबर डबा तापायचा, आणि डबा तापला की आतला म्हातारा पंखा जिवाच्या आकांतानं फिरायला लागायचा. माइकची तार हातभर. डबा लांब ठेवायचा तर माइक पोचत नाही, माइक जवळ घ्यायचा तर पंखा आपलं मत मांडतो.

मी विम्याचं काम करतो, म्हणजे दिवसभर मोकळा असतो. त्या शनिवारी मी मामाकडे ताक प्यायला गेलो तेव्हा रेणूनं मला हे सगळं सांगितलं.

"भाऊजी, हे काम गेलं ना, तर मी बोलायचंच विसरून जाईन," ती म्हणाली. "या घरात मी दिवसभर फक्त हो म्हनते आनं आनते म्हनते."

हे तिनं हसत म्हटलं असतं तर मी ताक पिऊन निघून गेलो असतो. ती हसली नाही, आणि मला ते लागलं.

मी म्हटलं, पंखा बदलू, त्यात काय. मोबाइलवरून मागवला असता तर सोमवारच्या आत आला नसता, म्हणून बाजारात जायचं ठरलं. हे ठरत असतानाच मामा जेवायला आला आणि मामीनं त्याच्या कानाशी ओरडून त्याला कळवलं की सूनबाईच्या कॉम्प्युटरला पंखा पाहिजे. त्यातला "पंखा" तेवढा पोचला. मामा ताठ बसला. पंखा हे त्याचं खातं. मिलमधले मोठाले ब्लोअर त्यानं उघडून परत बसवले होते, तिथं या बोटभर पंख्याची काय कथा. मी त्याच्या दुसऱ्या कानात ओरडलो, "शांत पायजे, मामा. आवाज नाही पायजे."

"मी तेच म्हनत होतो," मामा म्हणाला.

आता आवाज न करणारा पंखा निवडायला ज्याला आवाज ऐकू येत नाही असा माणूस न्यावा, यात काहीतरी चुकतं आहे हे मला कळत होतं. पण हेड मिस्त्रीला तुझे कान गेले हे सांगणार कोण? मामी सांगणार नाही, तिची मजा जाईल. रेणू सांगू शकत नाही. आणि मी भाचा आहे, हुतात्मा नाही.

रेलटोलीत छोटेलालचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. गडी हुशार आणि सरळ. मी त्याला अडचण सांगितली तर त्यानं दोन मिनिटांत खणातून एक रुंद काळा पंखा काढला. "ये लो चाचाजी. बड़ा है, धीरे घूमता है, इसलिए आवाज नहीं करता. लोहे के पेंच की जगह रबर की पिन लगेगी, डिब्बा भी नहीं थरथराएगा." त्यानं तार जोडली. पंखा फिरायला लागला. मी कान लावला, काही नाही. आमचं काम इथंच संपलं होतं.

पण मामानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चिमूटभर तूस बाहेर काढलं.

तूस म्हणजे धानाचं टरफल. मिलमध्ये धान भरडलं की तांदूळ आणि तूस एकत्र खाली येतात, आणि ब्लोअर तुसाला उडवून लांब फेकतो. पंख्यानं तूस किती दूर टाकलं यावर पंख्याची लायकी ठरते, ही मामाच्या आयुष्यातली एकमेव कसोटी. मिलवाल्याच्या खिशात तूस असायचंच, झटकलं तरी जात नाही. मामानं ती चिमूट पंख्यासमोर धरून सोडली. तूस अलगद काउंटरवर पडलं. काही कण पंख्याच्या कडेला चिकटून बसले.

"मेलेला आहे," मामानं निकाल दिला.

छोटेलालनं दुसरा दाखवला, त्यावर रंगीत दिवे होते. तूस वीतभर गेलं. तिसऱ्यावर हातभर. मामानं नाक मुरडलं. खिशातलं तूस संपत नव्हतं आणि छोटेलालचा काउंटर खळ्यासारखा दिसायला लागला होता. शेवटी मामानं कपाटाच्या तळाशी पडलेला एक पंखा स्वतःच ओढून काढला. रुंदी तेवढीच, जाडी दुप्पट.

"चाचाजी, वो घर का नहीं है," छोटेलाल म्हणाला, "वो बड़े दफ्तर की मशीन का है. उसको अलग कमरे में ताला लगाके रखते हैं."

"मंग," मामा म्हणाला.

तो चालू केला तेव्हा दुकानासमोर झोपलेलं कुत्रं उठलं आणि रस्ता ओलांडून गेलं. डेंटिस्टच्या मशीनसारखी किंकाळी निघाली. काउंटरवरचं सगळं तूस, चिल्लर बिलं आणि छोटेलालची उदबत्तीची राख दुकानाबाहेर गेली. मामानं डोळे मिटले, कान पंख्याला अगदी भिडवला, मान डोलावली.

"हवा पाहा आनं आवाज पाहा," तो मला म्हणाला. "आवाजच नाही."

छोटेलालनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पंखा कागदात बांधला गेला.

घरी मामानं डबा स्वतः उघडला, पंखा स्वतः बसवला, आणि बटण दाबून हात बांधून उभा राहिला. अंगणातली कोंबडी पिलांसकट मोरीत शिरली. शेजारच्या सुकरामनं कुंपणावरून डोकावून विचारलं की चक्की टाकली का.

"विमान आनलं बुढ्यानं," मामी गोड हसून म्हणाली, "आता याच्यातच बसून जा म्हना कुठंतरी."

मामाचा चेहरा उजळला होता. रेणूकडे वळून तो म्हणाला, "पाह्य बाई. आहे का आवाज?"

रेणूनं पदर पुढं ओढला. ओठ हलले. ती "नाही, बाबा" म्हणाली असावी, पंख्यापुढं मलाही ऐकू आलं नाही.

सोमवारी दुपारी मी पुन्हा गेलो. खोलीत भट्टी पेटली होती. कूलर बंद, खिडकी बंद, आणि रेणू एका हातानं कागद धरून वाचत होती, दुसऱ्या हातानं डब्याच्या मागच्या जाळीतून एक पेन्सिल घालून पंखा अडवून धरला होता. अडवला की शांतता, शांतता झाली की चार ओळी वाचायच्या, मग पेन्सिल काढून डब्याला थोडा श्वास घेऊ द्यायचा. सकाळपासून असंच चाललं होतं. घामानं तिची साडी अंगाला चिकटली होती. पण आता अर्धं पान उरलं होतं. मी दारातच थांबलो आणि श्वाससुद्धा हळू घेतला.

तेवढ्यात मामा मिलमधून जेवायला आला आणि माझ्या खांद्यावरून त्यानं ती पेन्सिल पाहिली.

चालत्या मशीनमध्ये लाकूड घालणं, मिलवाल्यांच्या जगात यापेक्षा मोठं पाप नाही. असं करणाऱ्या माणसांची बोटं गेलेली मामानं डोळ्यांनी पाहिली आहेत. "चालत्या मशीनमंदी लाकूड कायले घालते?" म्हणून तो धावला, पेन्सिल हिसकावून घेतली, आणि पंख्यानं जी किंकाळी फोडली ती थेट माइकमध्ये गेली. पुढच्या क्षणी तापलेला कॉम्प्युटर स्वतःच बंद पडला. पडदा काळा. सकाळपासूनचं वाचलेलं गेलं.

रेणू उठून उभी राहिली. पदर खांद्यावर आला होता, तो तिनं उचलला नाही.

"बाबा, तुमचा पंखा वरडते," ती म्हणाली. म्हणाली कसली, तिनं तो कॉलेजच्या सभागृहातला आवाज लावला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "साऱ्या गल्लीले आयकू येते. तुमाले येत नाही. तुमाले काईच आयकू येत नाही आनं या घरात तुमाले कोनी सांगत नाही. माझं काम चाललं याच्यापायी."

स्वयंपाकघराच्या दारात मामी हातात उलथणं घेऊन उभी राहिली. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागलो. रेणूला आपण काय केलं ते कळलं तेव्हा तिचा हात पदराकडे गेला, पण मामानं तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं मला विचारलं, "भाचे, वरडते?"

"वरडते, मामा," मी ओरडलो. "लय."

मग त्यानं मामीकडे पाहिलं. मामीनं होकारार्थी मान हलवली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्यासमोर हसत नव्हती.

मामा खाटेवर बसला. मंग नाही, पाहू ना नाही. त्यानं बंद पडलेल्या डब्यावर तळहात ठेवला, मिलमध्ये ठेवतो तसा. मला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. आम्ही सगळे त्याला मान देतो म्हणत होतो, आणि खरं म्हणजे आम्ही त्याची मजा पाहत होतो.

"चाल बाई," तो शेवटी उठून म्हणाला.

"उन्हात सूनबाईले कुठं नेऊन राहिले?" मामी ओरडली.

"दुकानात. काम तिचं, कान तिचे. आपन कायले मधात?"

ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. जिला पंखा पाहिजे तिला दुकानात न्यावं, एवढंच. मामाच्या स्कूटरवर मागं बसून रेणू दिवसाउजेडी रेलटोलीत गेली, सासऱ्याच्या मागं, डोक्यावर पदर नाही. फुलचूरच्या चौकात दोन म्हाताऱ्यांच्या विड्या विझल्या. मी माझ्या गाडीवर मागून, साक्षीदार म्हणून.

दुकानात तिनं छोटेलालला आधी त्याचा कूलर बंद करायला लावला, मग दार लोटायला लावलं. त्या उकाड्यात ती काउंटरवर वाकून ऐकू लागली. छोटेलालनं खणातला पहिला पंखा पुन्हा काढला. त्याच्या कडेला परवाचं तूस अजून चिकटलेलं होतं.

"यही," रेणू म्हणाली.

मामानं त्यावर बोटं टेकवली. थरथर नाही. त्यानं नखानं एकेक कण काढून पंखा साफ केला, रबराच्या पिना मोजून घेतल्या, आणि छोटेलालला म्हणाला, "पयलेच सांगाले पायजे होतं ना." छोटेलाल सज्जन माणूस आहे, त्यानं बिल लिहायला घेतलं.

उन्हं उतरायच्या आत नमुना पुण्याला गेला. उत्तर यायला वेळ होता, म्हणून मामी भजी तळत होती आणि रेणू खुर्चीत नुसती बसून होती. मामा खोलीच्या दारात आला. "काय वाचलं ते तरी आयकू द्या."

रेणूनं त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला, इतका की बाहेर मलाही शब्द कळत होते. वाचायला दिलेला मजकूर होता मधुमेही रोग्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी. पाय रोज कोमट पाण्यानं धुवावेत. बोटांच्या बेचक्या मऊ कापडानं कोरड्या पुसाव्यात. अनवाणी चालू नये. नखं सरळ कापावीत. मामा हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून, मान खाली घालून ऐकत होता. देवळात आरतीलाही तो असा उभा राहत नाही.

"हे कोन बाई होय?" त्यानं मोठ्यानं विचारलं. "लय चांगली सांगून राहिली."

मामीनं रेणूकडे बोट दाखवलं.

मामानं हेडफोन काढले नाहीत. तो रेणूकडे पाहत राहिला. दुपारी ती ओरडली होती ते त्याला ऐकू गेलं होतं, पण ओरडण्याला आवाज म्हणत नाहीत. ही बाई चार वर्षं त्याच्या घरात राहत होती, त्याला चहा देत होती, आणि ती बोलते कशी हे त्याला आज कळत होतं. त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि मी ते भजीच्या धुरावर ढकललं.

"अजून एकडाव लाव बाई," तो म्हणाला.

तिनं लावलं. पायांची काळजी त्यानं सलग तीनदा ऐकली.

काम रेणूला मिळालं. ती आता रोज दुपारी कूलर बंद करून आंधळ्या मुलांसाठी भूगोल वाचते आणि पंखा तोंडातून ब्र काढत नाही. पुटपुटणं तिनं सोडून दिलं आहे. किंकाळीवाला पंखा मामानं मिलमध्ये लावला, तिथं तो कोणाला ऐकू येत नाही. मामाला कानाचं मशीन घ्यावं असं मी सुचवून पाहिलं, तर मामी म्हणाली, एवढी घाई काय आहे.

मामाला मधुमेह नाही. डॉक्टरनं दोनदा तपासून सांगितलं आहे. तरी रोज मिलमधून आला की तो अंगणात पाटावर बसतो, कोमट पाणी मागतो, पाय धुतो आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन एकेक बेचकी कोरडी करतो. सुकरामनं कुंपणावरून विचारलं, यादोराव, हे काय नवीन काढलं. प्रश्न मामाला कळला की नाही देव जाणे, पण उत्तर त्यानं बरोबर दिलं.

"सूनबाईनं सांगतलं आहे," तो म्हणाला, आणि दुसरा पाय पुसायला घेतला.